सुमतीच्या लग्नाची अबोली

मी अबोली बोलतेय. नावच असं पडलंय की मी तोंड उघडलं तर तुम्हाला नवल वाटेल. मला वास नाही. मोगऱ्यासाठी वाटेवरचा माणूस थांबतो, माझ्यासाठी कुणी थांबत नाही. पण रंग माझा एकटीचा आहे. साडीच्या दुकानातसुद्धा त्याला दुसरं नाव नाही, अबोलीच म्हणतात.

माझा जन्म संगमेश्वरजवळच्या एका गावात, विहिरीच्या काठाला झाला. आमची वाळलेली बोंडं पाणी लागलं की तट्‌दिशी फुटतात आणि बी उडून जिथे पडेल तिथे रुजतं. तशीच मी रुजले. रखमाबाई शिमग्याला गावी आली होती. परत निघताना तिने मला मुळासकट उपटलं, ओल्या फडक्यात गुंडाळलं आणि एसटीत मांडीवर घेऊन ठाण्याला आणलं.

तेव्हापासून मी बाळकुममध्ये आहे, पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत. कुंडी म्हणजे रंगाची रिकामी बादली, तळाला भोकं पाडलेली. समोर पूर्वी भातखाचरं होती म्हणतात. मला आठवतात ते टॉवर, आणि खाली गेटजवळचा बाक, ज्यावर संध्याकाळी बायका बसतात.

घरात तेव्हा चौघं होती. रखमाबाई, तिचा मुलगा रतन, सून सुमती आणि नात ऋजुता. सुमती पोस्टात नोकरी करायची. सकाळी घाईघाईने पिन दातात धरून गॅलरीत यायची, माझी चार-सहा फुलं दोऱ्यात गुंफायची आणि केसांत अडकवून पळायची. रतन आतून म्हणायचा, "अगं, पोस्टात चाललीस की हळदीकुंकवाला?"

मग एका पहाटे रतन झोपेतून उठलाच नाही. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले.

त्या दिवसानंतर सुमतीने माझं फूल केसांत माळलं नाही. पाणी घालायची, वाळकी पानं काढायची. गजरे तर सुरेख करायची, शेजारणींना द्यायची. स्वतःला नाही. माळू नकोस असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. माळ असंही कुणी म्हटलं नाही. रखमाबाईला ते वेगळं वाटलंच नसावं, कारण तिचे यजमान ती पंचविशीची असतानाच गेले होते. उभ्या आयुष्यात तिने माझी फुलं देवाला वाहिली, नातीच्या वेण्यांना बांधली, आणि हात पदराला पुसले.

वर्षं गेली. ऋजुता मोठी झाली, नोकरीला लागली. सासू-सुना मात्र रोज संध्याकाळी माझ्या शेजारी प्लास्टिकच्या दोन खुर्च्या टाकून चहा प्यायच्या. फार बोलायच्या नाहीत. एक वाटाणे सोलायची, दुसरी पेपर वाचायची.

मग मधुकाका आले. खोपटच्या एसटी डेपोत ते कंट्रोलर होते, राहायलाही तिथेच जवळ, माइकवरून गाड्या पुकारायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. निवृत्त झाल्यावर पोस्टात खातं उघडायला गेले, आणि काउंटरच्या पलीकडे सुमती होती. पुढे ते काही काम नसतानाही पोस्टात जायला लागले. फोनवर बोलायचे तेसुद्धा गाडी पुकारल्यासारखं. गॅलरीत उभ्या सुमतीच्या कानाला लावलेल्या फोनमधला प्रत्येक शब्द मला ऐकू यायचा. बहुधा वरच्या मजल्यालाही.

लग्नाचं ठरलं ते ऋजुतानेच आजीला सांगितलं. "आजी, आई लग्न करतेय. मी तिला बोललेले, कर म्हणून. तुला काय वाटतं?"

रखमाबाई तांदूळ निवडत होती. "बरं," एवढंच म्हणाली आणि निवडत राहिली. त्या दिवशी तिने चहा आतच घेतला. दुसऱ्या दिवशीही. माझ्या शेजारची एक खुर्ची रिकामी राहायला लागली.

मधुकाका एकदा मुद्दाम तिला भेटायला आले. सुमती कामावर होती. गॅलरीत बसले, टोपी मांडीवर ठेवली. सवयीपेक्षा हळू आवाजात म्हणाले, "आई, तुमच्या मनात नसेल तर सांगा. खोपटहून बाळकुम काही लांब नाही. ती तुमच्यापासून दूर जाणार नाही."

"लांब कोण म्हणतोय?" रखमाबाई म्हणाली. "रतन गेल्यावर ही माहेरी गेली असती तर मी काय करणार होते? गेली नाय. तिचं भलं होऊ दे. पण संध्याकाळचा चहा मी कुणाबरोबर पिऊ, ते सांगा."

मधुकाकांनी मांडीवरची टोपी फिरवली. मग म्हणाले, "मी आता रिकामाच असतो. तिला पोस्टातून घ्यायला येईन तेव्हा आधी इथे बसेन. मला चहा चालतो."

रखमाबाई हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. चहा मात्र टाकला.

लग्न साधंच होतं. रजिस्टर, मग छोट्या हॉलमध्ये एकमेकांना हार आणि चाळीसेक माणसांचं जेवण. पण ऋजुताचा हट्ट होता की फुलं आईनेच निवडायची. तिने टेंभी नाक्यावरच्या साईनाथ फुलवाल्याला घरी बोलावलं. तो एका बादलीत नाना तऱ्हेची फुलं घेऊन आला आणि माझ्याच समोर मांडून बसला. इतके पाहुणे माझ्या गॅलरीत कधी आले नव्हते. जांभळी ऑर्किड, लालभडक जरबेरा, गुलाब, शेवंती, ॲस्टर, निशिगंध. काही तर विमानातून आले होते म्हणे.

"बोला काकी," साईनाथ म्हणाला, "हार कसले पाहिजेत? आणि बुके? आजकाल ब्राइडच्या हातात बुके असतोच."

सुमती फुलांकडे बघत राहिली. "ऋजू, तूच सांग ना."

"आई, लग्न तुझं आहे."

"अगं, मला निवडता येत नाही. पहिल्या वेळेला कुणी विचारलंच नव्हतं. मामाने हार आणले, त्यात सोनेरी जर इतकी होती की मान खाजत होती. रतनचीसुद्धा. आम्ही दोघं फोटोत वाकडे आहोत ते त्यामुळे." ती हसली. ऋजुताही हसली. ही गोष्ट तिने कधी ऐकली नव्हती.

साईनाथने निशिगंधाची काडी पुढे केली. "हे घ्या. गुलाब आणि निशिगंध, क्लासिक हार."

सुमतीने हात मागे घेतला. रतनला नेलं तेव्हा जिन्यात सगळा निशिगंधाचाच वास भरला होता.

"निशिगंध नको," सुमती हळूच म्हणाली. साईनाथ समजूतदार माणूस. त्याने काडी परत बादलीत, मागच्या बाजूला ठेवली.

मग सुमतीने स्वतः हात पुढे केला. एकेक फूल उचलून नाकाशी धरलं, बोटांनी चाचपलं. शेवटी पिवळी शेवंती घेतली. "हार याचे करा. जर नको. आणि बुके छोटा, शेवंती आणि ही जांभळी ॲस्टर."

"बुके हवाय तुला?" ऋजुताला आश्चर्य वाटलं.

"हवाय. हातात काहीतरी असलं की बरं. नाहीतर सगळे बघत असताना हात कुठे ठेवायचे ते मला कळत नाही."

"आणि केसांत? वेणी की गजरा?" साईनाथने विचारलं.

सुमतीची नजर माझ्याकडे आली आणि लगेच फिरली. "केसांत काही नको. सवय राहिली नाही."

आत देवाजवळ बसलेली रखमाबाई हे ऐकत होती. दाराच्या फटीतून मला तिचा हात दिसत होता. जपमाळेवर चालणारं बोट थांबलं होतं.

दुसऱ्या सकाळपासून तिने माझी फुलं तोडणं बंद केलं. देवाला जास्वंद वाहिली, तुळस वाहिली, मला हात लावला नाही. माझ्या कणसांवर खालपासून वरपर्यंत फुलं उमलत गेली आणि तशीच राहिली. इतकं फुललेलं मी स्वतःलाही कधी पाहिलं नव्हतं. सुमतीने ते पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. ऋजुताला म्हणाली, "बघितलंस? देवाला अबोली घालायचीसुद्धा बंद केली. त्यांना अजिबात आवडलेलं नाही हे. मी चुकतेय का गं?"

मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण आमच्या जातीला ते जमत नाही.

लग्नाच्या दिवशी उजाडताच रखमाबाई आंघोळ करून गॅलरीत आली. तिने माझं एकूण एक फूल खुडलं. नखाने, देठ न दुखवता. मग जमिनीवर बसून ओवायला घेतलं. गाठ सुटत होती, ती पुन्हा बांधत होती. एक घसघशीत गजरा झाला. थोडी फुलं उरली, त्यांचा लहानसा तुकडा तिने वेगळा करून ओल्या रुमालात ठेवला.

सुमती साडी नेसून बाहेर आली तेव्हा रखमाबाई म्हणाली, "खाली बस."

"आई, काय?"

"बस म्हटलं ना गो. मान हलवू नको."

सुमती बसली. गजऱ्याचा स्पर्श मानेला झाला तसे तिचे खांदे हलायला लागले. "मला वाटलं तुम्ही रागावलात."

"रागावले होते," रखमाबाई पिन खोचत म्हणाली. "राग निराळा, फुलं निराळी. रडू नको, काजळ पसरेल."

खालून मधुकाकांच्या भावाच्या गाडीचा हॉर्न वाजला तेव्हा दोघी उठल्या.

लग्न मी पाहिलं नाही. ऋजुताने फोटो गॅलरीत बसून आजीला दाखवले, तेव्हा मीही पाहिले. सुमतीने बुके दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. मधुकाकांच्या गळ्यातली शेवंती सरळ होती.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घर फार शांत होतं. ऋजुताला फ्रिजमध्ये तो ओला रुमाल सापडला. "आजी, हा तुकडा राहिलाय. देवाला घालू?"

रखमाबाईने फुलं हातात घेऊन पाहिली. अजून ताजी होती. "देवाला रोजच असतं," ती म्हणाली आणि पाठ करून बसली. "हितं लाव."

ऋजुताने काही न विचारता आजीच्या पांढऱ्या, सुपारीएवढ्या अंबाड्यावर तो तुकडा ठेवला. पिन टिकेना, म्हणून स्वतःच्या केसांतली क्लिप काढून लावली. रखमाबाईने एकदा हात लावून चाचपलं, चपला घातल्या आणि खाली गेली.

बाकावर बायजा बसली होती, तिची जुनी मैत्रीण. ती बघतच राहिली. "रखमे, हे काय गं?"

"काय म्हणजे काय?" रखमाबाई तिच्या शेजारी टेकली. "काल लेकीचं लग्न झालं माझ्या."

आता मी पार बोडकी झाले आहे. ऋजुताने शेंडे छाटलेत, खत घातलंय, बाजूने हिरवी कणसं डोकावू लागलीत. वय झालंय माझं. अजून किती बहर येतील, सांगता येत नाही. तुमच्या घरातही एखादी बाई इतरांसाठी गजरे करत असेल आणि उरलेली फुलं देवाला वाहून हात पुसत असेल. तिला एकदा विचारा, तुला कुठलं फूल आवडतं? ती लगेच सांगणार नाही. तुम्ही जरा थांबा.

एवढंच सांगायचं होतं. आता मला फुलायला हवं.