गाळलेला मांगर

आमच्या काशीरामाला हल्ली माणसं दिसत नाहीत, नुसते हात दिसतात. जेवायला बसला की ताटाकडे न बघता वाढणारीच्या बोटांकडे बघतो. घरामागच्या मांगरात, त्या कौलारू खोपटात, माझं काजू फोडायचं काम चालतं, तिथे येतो तो न खाकरता, दारात न थांबता, आणि माझ्याशी एक शब्द बोलायच्या आधी बी फोडणाऱ्या चिमाचा पंजा उलटा करून त्याला भिंग लावतो. बायका पदराआड हसतात. डॉक्टर झाला म्हणून काय झालं? बायकांच्या घोळक्यात शिरायची एक रीत असते. ती मी त्याला शिकवली होती, मुंबईच्या कॉलेजात कुणीतरी पुसून टाकलेली दिसते.

हा मांगर मी उभा केला. काशीरामाचे वडील गेले तेव्हा तो शाळेत होता आणि घरात मिळवतं कुणी नव्हतं. मी स्वतः दुसरीच्या पुढे गेले नाही, पण काजूची बी हातात घेतली की आतला गर कसा निघेल ते सांगते. दुसरे मांगरवाले बी कढईत काळी होईस्तोवर भाजतात आणि मग फोडतात. त्यांचा गर पिवळट, कुठे करपलेला. मी भाजत नाही. उन्हात वाळवते आणि कच्चीच फोडून घेते. माझा गर पांढरा आणि अख्खा. मुंबईचा दलाल दरसाल म्हणतो, "आवडाबाई, दुधात भिजवून काढता की काय?" टरफलातलं तेल हाताला लागतं, कातडी काळी पडते, सालपटं निघतात, हे खरं. बायका राख चोळून कामाला बसतात. कोळणीच्या हाताला वास यायचा आणि काजूवालीचा हात काळा व्हायचा, हे मी धरूनच चालले होते.

तर काशीरामाने या हातांवर लेख लिहायला घेतला. मुंबईहून आरोग्याचं एक इंग्रजी मासिक निघतं, डॉक्टरांनी डॉक्टरांसाठी चालवलेलं. त्यात छापून आलं तर सरकारी खात्यातले लोक ते वाचतात, एरवी रत्नागिरीच्या बाजारपेठेतल्या डॉक्टराचं कोण ऐकतो? काजू फोडणाऱ्या बायकांसाठी काहीतरी करा असा अर्ज त्याने एकदा केला होता. उत्तर आलं की कष्टाच्या कामाने हात खराब होतातच. ते उत्तर त्याच्या जिव्हारी लागलं. आधी छापून आणतो, मग बघू कसे ऐकत नाहीत, म्हणाला.

मासिकाने नियमांचा छापील कागद पाठवला, तो त्याने मला वाचून दाखवला. कागदाच्या एकाच बाजूला लिहायचं. डावीकडे चार बोटं जागा कोरी सोडायची. दोन ओळींत तिसरी मावेल इतकं अंतर ठेवायचं. कोष्टकं वेगळ्या कागदावर, चित्रं काळ्या शाईत. आजाऱ्याचं नाव कुठेही घालायचं नाही, आणि शेवटी सारांश.

"सोवळ्यातल्या स्वयंपाकाला एवढे नियम नसतात," मी म्हटलं. "आणि शेवटी सगळं परत थोडक्यात सांगायचं, तर आधीच थोडक्यात का नाही सांगत?"

"आई, संपादकाला सगळं वाचायला वेळ नसतो."

"मग संपादकी घेतली कशाला?"

टाइप करायला दाजी. तो कोर्टाच्या आवारात मशीन घेऊन बसतो, उभा जन्म अर्ज आणि फिर्यादी ठोकण्यात गेला. त्याने आणलेली पहिली पानं बघून काशीरामाने कपाळाला हात लावला. वर ‘अर्जदार नम्रपणे निवेदन करतो की’ अशा अर्थाचं इंग्रजी, आणि हात दाखवणाऱ्या बायका सगळ्या साक्षीदार झालेल्या. प्रत्येकीचं नाव, नवऱ्याचं नाव, वय, धंदा, राहणार अमुक.

"दाजी, मी नुसते नंबर दिले होते. नावं कुठून आणलीत?"

"हिंडून विचारून घेतली," दाजी म्हणाला. "नावगाव नसलेली साक्ष कोर्ट फेकून देतं, डॉक्टर. तुमच्या भल्यासाठी केलं."

"हे कोर्ट नव्हे हो."

"पास-नापास करणारा कुणी वर बसलाय ना? मग कोर्टच ते."

मी दाजीला चहा दिला. त्याचं म्हणणं मला पटलं होतं. ज्या बाईने आपला हात दाखवला तिचं नाव लपवायचं आणि ज्याने नुसता बघितला त्याचं वरती मोठ्या अक्षरांत छापायचं, हा कुठला न्याय? पण काशीरामाने समजावलं की आजार लोकांत फुटू नये म्हणून तसं करतात, आणि दाजीने कुरकुरत पानं पुन्हा टाइप केली.

चित्रं माझ्या सुनेने काढली. दमयंतीचा हात चांगला वळणदार आहे. आधी फोटोवाला आणला होता, पण काळ्या हाताचा फोटो नुसता काळाच निघाला, त्यात भेगा दिसेनात. मग चिमा रोज दुपारी पडवीत पंजा पसरून बसायला लागली. मांगर सुरू झाला तेव्हापासून चिमा माझ्याकडे आहे.

"माजा हात धरून एवढा वेळ नवराबी कदी बसला नाय," ती म्हणाली, आणि हसताना दमयंतीची रेघ वाकडी गेली. पण चित्र असं उतरलं की मी ते परत मागून बघितलं. भेग न् भेग आली होती. अंगठ्याचं नख अर्धं गेलेलं, तेही.

फाल्गुनात लेख बोटीने मुंबईला गेला आणि वैशाखात परत आला. सोबत संपादकाचं पत्र. काशीरामाने ते उभ्याउभ्याच वाचलं, घडी करून खिशात घातलं आणि त्या दिवशी सुरमईच्या कालवणाला बोट लावलं नाही.

"काय म्हणतो तो?" मी विचारलं.

"थोडी दुरुस्ती सांगितली आहे."

"मग कर."

"बघतो."

मुलगा ‘बघतो’ म्हणाला की आईने समजावं, याला ते बघायचं नाही. ज्या लेखासाठी याने आमच्या डोळ्यांसमोर वर्षभर जीव आटवला, तो दुरुस्तीसाठी आला तर याला घाई हवी होती. हा तर कागदांवर पाट ठेवून बसला.

दुसऱ्या दिवशी मांगरात चिमाच म्हणाली, "आवडाकाकी, डॉक्टरांचा लेख परत आला म्हणं? हात त्यास्नी पसंत नाय पडले काय?"

"पसंत करायला तो मुलगी बघायला आलाय काय गो?"

"तसा नव्हं." ती बी फोडायची थांबली. "भाट्याच्या मांगरातल्या त्या गोदीचा हात गेला लेखात. माजा नाय गेला. दाजी सांगत व्हते, तुमच्या मांगराचा कागदच त्यांना टाइप करायला दिला नाय. माज्यापरास तिचा हात वायट हाय काय? ती अजून भाकऱ्या थापताय."

मला वाटलं दाजी काहीतरी बरळला असेल. तरी उठून घरात आले आणि दमयंतीला म्हटलं, "चिमाच्या हाताचं चित्र कुठे आहे?"

तिने कपाटातून काढून माझ्या हातात दिलं.

"हे इथे कसं? लेखाबरोबर गेलं नाही?"

"नाही, सासूबाई. मी त्यावरून एकदा बोलले, तर त्यांनी मला गप्प बसवलं. तुम्हीच विचारा."

काशीराम माजघरात परत आलेली पानं समोर घेऊन बसला होता. मी समोर बसले.

"संपादकाचं पत्र वाच."

"इंग्रजीत आहे, आई."

"भाषा नाही विचारली. मराठीत वाच."

त्याने खिशातून पत्र काढलं आणि सावकाश, एकेक वाक्य जुळवत वाचलं. लेखकाचं म्हणणं आहे की बी भाजून फोडली तर हाताला इजा कमी होते. कशाच्या मानाने कमी? लेखातल्या तिन्ही मांगरांत बी भाजूनच फोडतात. कच्ची बी फोडणाऱ्या बायकांचे हात लेखकाने पाहिले असतील तर ते घालून लेख पुन्हा पाठवावा. पाहिले नसतील तर यात छापण्याजोगं काही नाही.

रत्नागिरीत कच्ची बी कोण फोडतं ते माझ्या दारातल्या कुत्र्यालाही ठाऊक आहे.

"आपला मांगर तू गाळलास," मी म्हटलं.

"नाव छापत नाहीत, पण खूण छापावी लागते. कच्ची बी म्हटलं की इथल्या प्रत्येक डॉक्टराला, प्रत्येक मांगरवाल्याला कळणार, ही आवडाबाई. तुझ्या नावाला बट्टा लागला असता. मी म्हटलं, तिघांवर भागेल."

"आणि माझ्याकडचे हात? इतरांच्या मानाने कसे आहेत?"

तो पानांच्या कडा जुळवत बसला.

"विचारते आहे मी."

"सगळ्यांत वाईट," तो म्हणाला. "आणि तो कच्च्या बीचाच गुण आहे. भाजली की बरंचसं तेल जळून जातं."

मी चित्र घेतलं आणि मांगरात गेले. बायका फोडत होत्या. चिमाच्या शेजारी बसून मी म्हटलं, "हात दे बघू." तिला वाटलं आणखी चित्र काढायचंय. तिने राख झटकून पंजा पुढे केला. मी तो चित्राशेजारी धरला. चित्रातला हात बरा होता. त्यानंतर पहिल्या बोटाच्या पेरावर नवी भेग पडली होती, आतलं लाल दिसत होतं.

या हातावर मी पगार ठेवला आहे, संक्रांतीचा तिळगूळ ठेवला आहे, तिची मुलगी बाळंत झाली तेव्हा लुगडं ठेवलं आहे. दरवेळी आपण काय देतो आहोत तेच बघितलं. ज्यावर देतो ते कधी बघितलं नाही.

"तुझ्याकडे भाकऱ्या कोण करतं गं?"

"सून करता. पिठात मीठ असला की हात आग आग करतो."

"मला कधी बोलली नाहीस."

"बोलून काय करणार व्हतात?" ती रागाने नव्हे, सहज म्हणाली, आणि पुढची बी उचलली. "गर तर पांढराच व्हया ना तुमाला."

मी तिथेच बसून राहिले. टरफलं फुटण्याचा आवाज चालला होता. बाजारात माझं म्हणून एकच नाव आहे, आवडाबाईचा गर. शिकलेल्या माणसाला पदवी असते, जमीनवाल्याला सातबारा असतो, मला हा गर. भट्टी लावली की तो इतरांसारखा पिवळा होणार, आणि दलाल पुढच्या वर्षी दुधाची गोष्ट दुसरीकडे कुठेतरी सांगणार. हे मला दिसत होतं. आणि ते नाव या बाईच्या कातडीवर उभं राहिलं, हेही आता दिसत होतं. एकदा दिसलेलं परत न दिसल्यासारखं करणं मला जमत नाही.

पण रागाची कळ वेगळीच होती. दिरांनी घर वाटून मागितलं तेव्हा मी एकटी उभी राहिले. गावाने नावं ठेवली तेव्हा गावाशी बोलले. आणि माझ्या पोटच्या पोराने मला लोणच्याच्या बरणीसारखं फडकं बांधून फळीवर ठेवलं, वारा लागू नये म्हणून. मी कुणाकडे मागितलं होतं?

मी माजघरात परत आले. काशीराम तसाच बसला होता, दमयंती दाराशी उभी होती.

चित्र त्याच्या पानांवर ठेवलं. "हे आधी लाव. कोष्टकात आपला मांगर घाल, आणि चौथा नाही घालायचा, पहिला घालायचा. मी आजवर कुणाच्या मागे उभी राहिले नाही."

"आई, लोक बोलतील."

"लोकांना मी ओळखते. त्यांचंही बोलण्यासारखं माझ्यापाशी पुष्कळ आहे."

"आणि दलाल? पुढच्या हंगामाचं काय?"

"कढई कधी चढवायची आणि दलालाला काय सांगायचं ते माझं मी ठरवीन. ते तुझ्या लेखात नाही."

त्याने मान खाली घातली. दमयंतीने दौत त्याच्यापुढे सरकवली. टाक उचलत तो म्हणाला, "रागावलीस?"

"रागावले आहे, आणि का ते ऐक," मी म्हटलं. "चिमाचे हात माझ्या मांगरात गेले, ते माझ्या माथी. दुसऱ्या कुणाच्या माथी मारत नाही मी. पण मी ते हात कधी बघितले नव्हते, काशीराम. तू भिंग लावून बघितलेस. बघून झाकलेस, आणि वर आईसाठी झाकले म्हणतोस. मुलगा म्हणून तू गुणाचा आहेस, त्यात वाद नाही. पण डॉक्टर म्हणून आज तुझी चूक माझ्याहून मोठी आहे. आता लिही."