चोरी नसलेला तालुका

सगळ्या कर्नाटकात सगळ्यात कमी चोऱ्या आपल्या तालुक्यात होतात, अशी बातमी पेपरात आली त्या दिवशी कानळ्ळीत घरोघरी पायस झालं. नागवेणीनेही वाटीभर खाल्लं. कौतुक कुणाला नको असतं? त्या कौतुकापायी गावची पोलीस चौकी जाणार आहे हे तिला पुढच्या आठवड्यात कळलं.

चौकी म्हणजे तरी काय, घाटाच्या तोंडाशी एक खोली, एक मोटारसायकल आणि मंजप्पा हवालदार. पण सुपारीच्या दिवसांत हा माणूस रात्रभर शिट्टी मारत बागाबागांतून फिरायचा. सोलून उकडलेली सुपारी अंगणात मांडवावर कितीतरी दिवस वाळत पडते, म्हणजे वर्षाची कमाई उघड्यावर. तिच्या राखणीला नागवेणीचा नवरा सुब्राय मांडवाखाली बाज टाकून झोपायचा. साठी उलटलेली, एका कानाने ठार बहिरा, आणि हट्ट तर असा की देवा रे देवा. कुत्रं मेलं तर दुसरं आणू दिलं नाही, "मी आहे की" म्हणे. मंजप्पाची शिट्टी कानावर आली की आत नागवेणीचा डोळा लागायचा.

"जिथं चोरीच नाही तिथं पोलीस कशाला, अक्का?" वळकटी बांधता बांधता मंजप्पा म्हणाला. "खाली मैदानात चोऱ्या फार. माणसं तिकडं पाहिजेत म्हणे."

"चोरी नाही कशी? गेल्या साली शेषगिरीअण्णांची पाच पोती गेली ना? तुम्हीच तर बॅटरी घेऊन माग काढत होता."

"गेली की. पण तक्रार मला कुठं दिली? देवीला दिली."

खरी गोम तिथंच होती. कानळ्ळीत काही चोरीला गेलं की हळदीच्या फडक्यात रुपया बांधायचा, चौडम्मा देवीच्या झाडाला टांगायचा आणि घरी येऊन गप्प बसायचं. एकदा देवीकडे सोपवलं की ते सरकारदरबारी न्यायचं नाही. नेलं तर देवीवर भरवसा नाही असं होतं, आणि मग चोराला लागायचा शाप सांगणाऱ्याच्याच घरात शिरतो. आसपासच्या गावांचीही रीत हीच. झाड फडक्यांनी पिवळं झालं होतं, आणि सरकारच्या कागदावर तालुका मात्र धुतल्या तांदळासारखा. हसावं की रडावं, सांगा.

नागवेणी शेषगिरी हेगड्यांकडे गेली. गावात त्यांचा शब्द चालायचा. "अण्णा, तुम्ही एक तक्रार लिहून द्या. चौकी राहील," ती म्हणाली.

"आणि देवीला काय सांगू? तुझ्याच्यानं होईना म्हणून फौजदाराकडे गेलो?" अण्णांनी पानाला चुना लावला. "तुझा हंडा गेला तेव्हा तू का नाही गेलीस गं चौकीवर?"

 सुपारी उकडायचा तांब्याचा हंडा परसातून गेला होता, आणि तिनेही रुपयाच बांधला होता.

"सुब्रायाला घरात झोपायला सांग," अण्णा म्हणाले.

"त्यांना? पालथ्या घड्यावर पाणी. तुम्ही सांगून बघा."

"त्याच्या बापानं कुणाचं ऐकलं नाही, तो काय ऐकणार," म्हणून अण्णा हसले. विषय तिथंच संपला.

मग ती एकटीच बसने तालुक्याच्या ठाण्यात गेली. इन्स्पेक्टर कोप्पद माणूस वाईट नव्हता. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं.

"अम्मा, मला पण चौकी हवी आहे. पण वरचे आकडा बघतात. तुम्ही एक तक्रार द्या, तुमच्या नावाची. एवढी एक असली तरी मी वर भांडेन. तुमच्या घरचं काही गेलंय का कधी?"

हंडा ओठांवर आला होता. पण शाप घरात शिरेल, आणि घरात आहे कोण? मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. राहिला सुब्राय. त्याला वाचवायला आली होती बिचारी, आणि त्याच्याच जिवाच्या भीतीनं तिची जीभ टाळ्याला चिकटली.

"नाही," ती म्हणाली. "आमचं काही नाही गेलं."

कोप्पदने हात जोडले. दुसरं काय करणार तो?

चौकीला कुलूप लागलं. पौष सरायच्या आत एके सकाळी नागवेणी चहा घेऊन अंगणात आली, तेव्हा सुब्राय बाजेवरून खाली पडलेला होता. डोक्यात दांडका घातलेला, रक्त वाळून काळं झालेलं. मांडवावरची अर्धी सुपारी गायब होती. बहिरा कान वर करून झोपला असणार, त्याला काही ऐकूच गेलं नसणार. तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं, आणि माणसं जमली तरी सोडेना.

तेराव्यानंतर गावातले चारजण आले. शेषगिरीअण्णांनी खाली बघत विचारलं, "सुपारीचं देवीकडे सोपवायचं ना?"

"नाही," नागवेणी म्हणाली. "मला ठाण्यात घेऊन चला. आता शाप शिरायला घरात उरलंय कोण?"

अण्णांनी जीप काढली.

खुनाची फिर्याद सुब्राय सापडला त्या सकाळीच नोंदली गेली होती. कोप्पद स्वतः येऊन पंचनामा करून गेला होता. आता तो तिला बघून उभा राहिला.

"साहेब, सुपारी चोरीला गेली. माझ्या नावाची चोरीची तक्रार लिहा. आकडा होऊ दे. चौकी परत येऊ दे. दुसऱ्या कुणाचा नवरा जायला नको."

कोप्पदने फिर्यादीचा कागद तिच्यापुढे सरकवला. मग म्हणाला, "अम्मा, सुपारी गेल्याचं त्याच फिर्यादीत लिहिलंय. पण एकाच वेळी दोन गुन्हे झाले की आकड्यात मोठा तेवढाच धरतात. हा खुनात जाईल. चोरीत मोजला जाणार नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे चोरीचा आकडा आहे तोच राहणार."

"आणि खुनासाठी चौकी देत नाहीत?"

"एका खुनाला नाही देत, अम्मा."

तिला वाटलं, या टेबलावर डोकं आपटावं. याच खुर्चीत बसून आपण नाही म्हटलं होतं. त्या दिवशी एक शब्द बोललो असतो तर माणूस आज हट्ट करत घरात वावरला असता. आता हंड्याचं घसा फोडून सांगितलं तरी कुलूप लागलेली चौकी उघडणार नव्हती, आणि सुपारीची चोरी आकड्यात धरली जाणार नव्हती.

बाहेर अण्णा जीपला टेकून उभे होते. "काय म्हणाले?"

"घाबरू नका, अण्णा," नागवेणी आत बसत म्हणाली. "तालुक्याचं नाव राहिलं."

अण्णांनी गाडी चालू केली. मांडवावर उरलेली सुपारी अजून वाळायची होती, आणि तिच्या राखणीला आज कोण झोपणार, हे घाट चढून होईपर्यंत दोघांपैकी कुणी विचारलं नाही.