बारावा सदरा

“कोण गेलं?” एर्सिलियाने सवयीने विचारलं.

आदेल्मोने बगलेतलं गाठोडं फळीवर आपटलं आणि तो हसला. “कोणी नाही गं. गावात सगळे ठणठणीत आहेत.”

गाठोड्यात बारा सदरे होते. पांढरेशुभ्र, चांगल्या कापडाचे. सगळे काळे करून हवे होते, शनिवारपर्यंत.

पो नदीकाठच्या त्या गावात कपडे काळे करायचे ते फक्त दुखवट्याला. घरात कुणी गेलं की चर्चची घंटा वाजायच्या आधी कपडे एर्सिलिया रंगारणीकडे यायचे. आधी नाव विचारायचं, आणि कापड रंगाच्या काहिलीत सोडताना ते मोठ्याने घ्यायचं, ही तिच्या आईची रीत. “काळा रंग उपाशी ठेवू नये,” आई म्हणायची. “तू नाव दिलं नाहीस तर तो आपलं आपण शोधतो.” एर्सिलियाने लग्न केलं नाही, गावाची वेस फारशी ओलांडली नाही, पण तीस वर्षांत ही रीत एकदाही मोडली नाही. आदेल्मोची आई गेली तेव्हा तिचंही नाव एर्सिलियानेच घेतलं होतं. तेव्हा हाच आदेल्मो याच फळीपाशी ढसाढसा रडला होता. आता तो जमीनदाराचा कारभारी होता आणि त्याच्या बुटांना चकाकी आली होती.

“नावाशिवाय मी काळा करत नाही. तुला ठाऊक आहे.”

“मग टाक कुणाचंही! गावात नावांना काय तोटा?” दारापर्यंत जाऊन तो वळला. “आणि तुझ्या भावाला सांग, शेतमजूर संघाच्या कचेरीला कुलूप घाल म्हणावं. प्रेमाने सांगतोय हां. एका बाकावर बसलोय आम्ही.”

सदरे कशासाठी हे न कळायला ती काही दूधखुळी नव्हती. महायुद्ध संपून तीन वर्षं झाली होती, पण माणसं पुन्हा रांगा धरून चालायला लागली होती. मागच्याच आठवड्यात शेजारच्या गावी काळे सदरे घातलेली फासिस्टांची टोळी जमीनदाराच्या ट्रकमधून आली, तिने संघाची कचेरी जाळली आणि चिटणिसाला मरेस्तोवर मारलं. इथला चिटणीस ओरेस्ते होता. एर्सिलियाचा धाकटा भाऊ, आईमागे तिने अंगाखांद्यावर वाढवलेला, युद्धावरून लंगडत का होईना परत आलेला. सदरे नाकारले तर पहिला राग त्याच्यावर निघणार. तिने काहिलीखाली जाळ केला.

चार दिवस धुकं हटलं नव्हतं. अंगणातली दोरीसुद्धा खिडकीतून धड दिसत नव्हती. मायफळाच्या तुरट पाण्यातून सदरे भुरे होऊन निघाले. आता हिराकशीच्या काहिलीत सोडायचे, की झाले काळेकुट्ट. पण नावं? एर्सिलियाला एक युक्ती सुचली. जे आधीच गेलेत त्यांचीच नावं द्यावीत. त्यांचं आता आणखी काय जाणार! पहिल्या सदऱ्याला तिने आपल्या आईचं नाव दिलं. मग युद्धात मेलेल्या गावच्या पोरांची, एकेक. दर नावाला बाहेर धुक्यात कुणीतरी चालता चालता थबकल्यासारखं वाटत होतं. तिने खिडकीकडे बघायचं सोडून दिलं.

अकरा झाले. बारावा हातात घेऊन ती आठवत राहिली. कोण बरं राहिलं? सगळे गेलेले एकाएकी डोक्यातून पुसले गेले. तेवढ्यात दार उघडलं, धुकं आत आलं, जाळ फरफरला.

“ओरेस्ते, दार लाव आधी!”

आणि हात आपोआप खाली गेला. सदरा काहिलीत बुडाला आणि तिच्या डोळ्यांदेखत काळा झाला.

एर्सिलियाने तो काठीने ओढून बाहेर काढला, पण उशीर झाला होता. काय घडलं ते ऐकून ओरेस्ते खो खो हसला.

“अगं ताई, सदरा कुणाला मारत नाही, आतला माणूस मारतो. आणि माझं नाव त्यांना तुझ्या काहिलीतून कशाला कळायला हवं? यादीत पहिलंच आहे की!”

“मिलानला मावशीकडे जा. आजच्या आज. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला.”

“मी गेलो तर कचेरीत कोण बसेल? दोनशे घरांचं काम बघतो मी. ओरेस्ते पळाला, एवढंच त्यांना हवंय.” त्याने मक्याच्या पोलेंटाचा तुकडा मोडून तोंडात टाकला. “मीठ विसरलीस.”

तिने बारावा सदरा राखेच्या पाण्यात उकळला, लिंबू चोळलं. काळेपणा तसूभर हलेना. चुलीत कोंबला, तर नुसता धूर. शेवटी तिने तो पिळून संदुकीच्या तळाशी घातला, तिच्या लग्नासाठी आईने शिवून ठेवलेल्या आणि कधीच न घातलेल्या पांढऱ्या झग्याखाली, आणि कुलूप लावून किल्ली गळ्यात बांधली.

शनिवारी दुपारी आदेल्मो आला.

“एक विरला काहिलीत. अकराच आहेत,” ती म्हणाली.

तो अंगणात गेला. दोरीवर सदरे हात लोंबवून टांगलेले होते, प्रत्येकाच्या बाहीतून थेंब गळत होता. त्याने बोटाने मोजले.

“चेष्टा करतेस होय गं? बारा आहेत की.”

एर्सिलियाने पाहिलं. शेवटच्या टोकाला, धुक्यात अर्धा बुडालेला, बारावा होता. आदेल्मोने तोच काढून अंगाला लावून पाहिला. “मापाने माझाच,” तो खुशीत म्हणाला. तो गेल्यावर तिने संदूक उघडली. पांढऱ्या झग्याखाली काही नव्हतं. ओलसुद्धा नाही, डागसुद्धा नाही.

ती अनवाणीच कचेरीकडे पळत सुटली. ट्रक दिसला नाही, नुसता ऐकू आला. मग गाणं, मग काचा, मग काहीच नाही. ती पोचली तेव्हा कचेरीच्या पायरीवर ओरेस्ते पडला होता. कचेरीची किल्ली मुठीत होती. दार त्याने सताड उघडं ठेवलं होतं.

“मीच रे तुझं नाव घेतलं,” ती त्याचं डोकं मांडीवर घेऊन म्हणत राहिली. “माझ्याच तोंडाने.”

सोमवारी सकाळी शेजारीण आर्जिया आली. “अंत्ययात्रेला काळं काय घालणार? कपडे दे, मी पेटवते काहील.”

“नको. काळा आता त्यांचा झाला,” एर्सिलिया म्हणाली. दोघींनी मिळून काहील ओढ्यात ओतली. पाणी गावाच्या दारादारावरून काळं वाहत गेलं.

अंत्ययात्रेला धुकं होतंच. भीतीने मोजकीच माणसं आली, बाकीची खिडक्यांआड. चौकात मात्र आदेल्मो आणि त्याचे अकराजण काळे सदरे घालून ओळीने उभे होते, कोण कोण येतंय ते बघायला. गावचा पाद्री आजारी पडला होता, म्हणून दुसऱ्या गावाहून एक म्हातारा पाद्री आला होता. त्याला इथलं काही ठाऊक नव्हतं. धुक्यात काळे कपडे दिसले, तसा तो बिचारा सरळ तिकडेच गेला. आदेल्मोचा हात त्याने दोन्ही हातांत घेतला.

“देव बळ देवो, बाळा. कोण गेलं तुझं?”

आदेल्मो हात सोडवून घेऊ लागला.

“सांग ना नाव,” शवपेटीमागून एर्सिलिया म्हणाली. आवाज चढला नव्हता. “ठाऊक आहे तुला. तुझ्या अंगावरच्या सदऱ्याला मीच दिलंय.”

आदेल्मोची बोटं गळ्याच्या गुंडीकडे गेली. ती निघेना. तो दोन्ही हातांनी ओढू लागला, पण त्याच्याकडे बघायला एर्सिलिया थांबली नाही. आईने लग्नासाठी शिवलेल्या पांढऱ्या झग्यात ती भावामागून चालत राहिली. धुक्यात आधी शवपेटी दिसेनाशी झाली, मग झगा. मनगटापर्यंत काळे असलेले तिचे हात मात्र बराच वेळ दिसत होते.