त्रिकोण कुठे होता

तुलाँच्या बंदरामागच्या गल्लीत ओनोरे तास्सीचं दुकान होतं. बंद पडलेलं घड्याळ कुणी आणलं तर तो त्याला सरळ शेजारच्या घड्याळजीकडे पिटाळायचा. त्याचं काम एकच. समुद्रात बुडी मारणाऱ्या पाणबुड्यांच्या जुन्या घड्याळांना काचेभोवती एक फिरतं कडं असतं. त्या कड्यावर बसणारी आकड्यांची चकती नव्याने बनवायची. ॲल्युमिनियमची, मधे मोकळी, नखाइतकी पातळ. खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षं काढली की तिचा काळा रंग उडतो, आकडे झडतात, आणि मग हौशी लोक कुठून कुठून ओनोरेला शोधत येतात. जुन्या आकड्यांचं वळण तो असं हुबेहूब उचलायचा की मूळ कोणतं आणि नवं कोणतं हे सांगताना भल्याभल्यांची भंबेरी उडायची. याचा त्याला गर्व होता आणि तो लपवायची तसदीही तो घेत नसे.

मिरेय कास्तेलने आणलेलं घड्याळ हौसेचं नव्हतं. तिचा भाऊ बातीस्त पोवळं काढायला समुद्रात उतरला तो वर आलाच नाही, त्याला एक्केचाळीस वर्षं झाली होती. गेल्या महिन्यात पोर्केरोल बेटापलीकडे एका मच्छीमाराच्या जाळ्यात त्याचं घड्याळ आलं. पाठीवर नाव कोरलेलं होतं म्हणून ते बहिणीपर्यंत पोचलं. काच फुटलेली, काटे गळून गेलेले, कडं क्षाराने जागच्या जागी चिकटलेलं.

"होतं तसं करून द्या," ती म्हणाली होती. "चालू नाही झालं तरी चालेल. नुसतं त्याचं दिसू दे."

आणि आज ती वायद्याच्या दोन दिवस आधीच दारात उभी होती, धापा टाकत. बाहेर पलीकडच्या फुटपाथवर एक म्हातारा भिंतीला टेकून उभा होता. तो फेर्नां. बंदरावर आमिषाची गांडुळं विकणारा. त्याला अख्खं बंदर ओळखत होतं, ते एका जुन्या गोष्टीमुळे.

"अहो तास्सी, घड्याळ तुमच्याकडे आलं तेव्हा त्या कड्यावरचा त्रिकोण कुठे होता?"

"बारावर," ओनोरे सवयीने बोलून गेला. मग त्याची जीभ अडखळली. "म्हणजे, बारावर मी आणला."

"आणि त्याआधी?"

ती काय विचारतेय ते ओनोरेच्या आत्ता लक्षात आलं. पाण्यात उडी मारताना पाणबुड्या कडं फिरवून त्यावरचा शून्याच्या खुणेचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणतो, म्हणजे खाली किती वेळ झाला ते चकतीवर वाचता येतं. काटे गेले, काच गेली, पण चिकटलेलं ते कडं बातीस्त कितव्या मिनिटाला उतरला ते एक्केचाळीस वर्षं धरून बसलं होतं. आणि हा प्रश्न काय आहे ते तुलाँमध्ये कुणाला माहीत नव्हतं? त्या दिवशी होडीवर फेर्नां एकटा राखणीला होता. बातीस्त दहा वाजून दहा मिनिटांनी उतरला, वीस मिनिटं ठरली होती, वर आला नाही म्हणून मी लगेच मदत बोलावली, असं फेर्नांने शपथेवर सांगितलं. बंदर कार्यालयात रेडिओवरची त्याची हाक नोंदली गेली ती साडेदहानंतर. लोक म्हणाले, आदल्या रात्री ढोसलेला होता, होडीत घोरत पडला. पोरगा केव्हाच उतरला असणार. तेव्हापासून सकाळी कुणी ना कुणी त्याला विचारायचंच, "काय फेर्नां, झाली का झोप?" त्याचं मिरेयशी लग्न ठरलं होतं. तिच्या आईने ते मोडलं.

ही गोष्ट ओनोरेला पाठ होती. घड्याळ कुणाचं तेही ठाऊक होतं. पण हातात चकती आली की त्याला दुसरं काही सुचत नसे.

"काल मी फेर्नांला घड्याळाचं सांगितलं," मिरेय म्हणाली. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्याशी बोलले. तो एवढंच म्हणाला, त्रिकोण बघ. आठवा ना. फोटो असेल की!"

फोटो होता. पण आकडे सरळ यावेत म्हणून फोटोआधी त्रिकोण वर आणायचा, ही या धंद्यातली पहिली शिस्त. फोटोत त्रिकोण बारावर होता. ओनोरेने डोळे मिटले. तीन दिवस तेलात ठेवलं होतं. चौथ्या दिवशी फडक्यात धरून जोर लावला आणि कडं एकदम सुटलं. किती आनंद झाला होता! त्याला चाळीसमधल्या चारच्या आकड्याची उघडी टोपी आठवत होती, पन्नासच्या शून्याला गेलेला चरा आठवत होता, रंग कुठे जांभळट झाला होता तेही आठवत होतं. कडं कुठून सुटलं ते आठवत नव्हतं.

"नाही आठवत, मादाम."

"तुम्ही बघत होतात ना त्याच्याकडे?"

"आकडे बघत होतो."

ती त्याच्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती खुर्चीवर बसली आणि हातातला रुमाल मांडीवर सरळ करत राहिली. ओनोरेला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. तेवढ्यात बाहेर थांबणं असह्य होऊन फेर्नां दार ढकलून आत आला. त्याने आधी मिरेयकडे पाहिलं, मग ओनोरेकडे, आणि ओनोरेच्याने ते पाहवेना.

"थांबा, आठवलं," तो म्हणाला. "उजव्या अंगाला होता. दहाव्या मिनिटावर. हो, दहाव्याच."

मिरेयने तोंडावर हात धरला. ती उठली, दोन पावलं फेर्नांकडे गेली आणि तिने त्याची बाही धरली. चाळीस वर्षांत त्या बाईचा चेहरा असा कुणी पाहिला नसेल. ओनोरेला क्षणभर वाटलं, आयुष्यात एक तरी चांगलं काम झालं.

पण फेर्नां तिच्याकडे बघतच नव्हता. त्याने टोपी काढली होती.

"खरंच?" तो ओनोरेला म्हणाला. "नीट सांग, तास्सी. दहाव्याच मिनिटावर? म्हणजे माझा डोळा लागला नव्हता?"

मिरेयचा हात बाहीवरून सुटला.

"तुला माहीत नव्हतं?" तिने विचारलं. "तू शपथेवर सांगितलंस."

"मला कसं कळणार गं? ऊन होतं. मी डोळे मिटले, उघडले. वीसच मिनिटं झाली असं वाटलं, ती मागे मोजून दहा-दहा सांगितलं." तो पुन्हा ओनोरेकडे वळला. "सांग ना बाबा. तू पाहिलंस ना?"

दोघंही ओनोरेच्या तोंडाकडे बघत होती. त्याने टेबलावरची जुनी चकती उचलली आणि तो आकडे बघू लागला.