शशिकलाबाईंचा जाम

कोमलने पहार पुन्हा जोरात घातली. देवासची काळी माती वरून लोण्यासारखी दिसते, हातभर खाली गेलं की मुरूम लागतो आणि माणसाचा जीव मेटाकुटीला येतो. बरं, जागा तरी केवढी? फाटकापासून खिडकीपर्यंत सहा फूट बाय आठ. एकच झाड मावणार. तिच्या नवऱ्याला, सार्थकला, लिंबू हवं होतं. पण झाड सासूबाई सांगतील तेच लागणार, असं कोमलने बजावलं होतं.

शशिकलाबाई वसईचं घर विकून नुकत्याच लेकाकडे आल्या होत्या. आल्या म्हणजे काय, बॅग अजून उघडली नव्हती. तिकडून धाकटी बहीण रोज फोन करायची, कायमची माझ्याकडेच ये म्हणायची. कोमलला त्या जायला नको होत्या. तिची आई लहानपणीच गेलेली. 'जेवलीस का' असं विचारणारं माणूस घरात पहिल्यांदाच आलं होतं.

कोणतं झाड लावू, असं विचारल्यावर शशिकलाबाई म्हणाल्या होत्या, "जाम लाव."

कोमल जन्माची देवासची. इंदूर रस्त्यावरच्या नर्सरीतून तिने ऐटीत जाम आणला. शशिकलाबाईंनी एक पान चुरगळून हुंगलं, आणि गालात हसल्या. का हसल्या असतील, हे काही कोमलच्या डोक्यातून जाईना. मग ती उठता बसता त्यांना विचारायची, शेंडा कधी खुडायचा, मुंग्या का चढतात, फूल कधी येणार. त्या सगळं नीट सांगायच्या. हळूहळू त्यांनाही नाद लागला. सकाळचा चहा झाला की चष्मा लावून त्या कोवळी पानं बघत बसायच्या.

दुसऱ्या थंडीत झाडाला फळ धरलं. कोमलने पहिलं फळ चिरलं, मीठ आणि जीरावनाचा मसाला भुरभुरवला आणि बशी पुढे केली. वसईची चव आली का, असं तिने मोठ्या आशेने विचारलं.

शशिकलाबाई हसता हसता डोळे पुसायला लागल्या. मग त्यांनी सांगून टाकलं. वसईचा जाम पांढराशुभ्र, चावला की तोंडभर पाणी. हा तर पेरू.

देवासकडे पेरूलाच जाम म्हणतात, कोमलला तेवढाच जाम माहीत होता. जाम नावाचं दुसरंच फळ असतं, हे मात्र तिच्या गावीही नव्हतं. तिचा चेहरा पडला. दोन वर्षं तिने परक्याच झाडाला पाणी घातलं होतं, आणि आता संक्रांत झाली की सासूबाई बहिणीकडे कायमच्या जायच्या होत्या.

"आई, पहिल्याच दिवशी बोलायचं ना. मी बदलवून आणलं असतं."

"पान हुंगलं तेव्हाच कळलं होतं गं. म्हटलं, बघू तरी, इथला जाम कसा असतो."

तेवढ्यात फोन वाजला. बहीणच होती, तिकिटाची तारीख विचारत होती. कोमल बशी उचलायच्या निमित्ताने तिथेच घुटमळली.

"तिकीट काढू नकोस," शशिकलाबाई म्हणाल्या. "तूच ये इकडे चार दिवस. झाड जामांनी लगडलंय." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. त्यांनी बशीतली एक फोड उचलली. "छे गं, तो नव्हे. पेरू. आमच्याकडे पेरूलाच जाम म्हणतात."