करड्या अंगाचा पत्रा

मी बोलतोय, समुद्राजवळच्या एका छोट्या लॉण्ड्रीच्या डोक्यावरचा पत्रा.

मूळचा मी पोलाद. कारखान्यात वितळलेल्या जस्तात बुचकळून काढलं, तेव्हा अंगावर चकचकीत लेप बसला. बसवताना कारागिराच्या हातून माझ्यावर ओरखडा उठला, पण तिथे गंज धरला नाही. शेजारचं जस्त स्वतः झिजत राहिलं आणि मला सांभाळत राहिलं.

माझ्याखाली काकू इस्त्री करायच्या. काका बोटीवरच्या नोकरीतून निवृत्त झाले आणि दुकानात लुडबुड करू लागले.

"अहो, जरा स्वस्थ बसा की!"

बसतील ते काका कसले!

तोवर माझी चकाकी जाऊन मी करडा पडलो होतो. हवापाण्याने जस्तावर धरलेली ती साय माझी ढालच होती. काकांना ती मळ वाटली. काकू बाजारात गेलेल्या पाहून ते शिडी चढले आणि सँडपेपरने मला असं खसाखसा घासलं, की सायही गेली आणि जस्तही.

"बघ, आरसा केलाय आरसा!" त्यांनी काकूंना हाताला धरून दाखवलं. त्यांचा आनंद बघून मला रागावताही येईना.

खाऱ्या वाऱ्याने मात्र डाव साधला. पावसात माझ्या कडेवरून तांबूस पाणी ओघळलं, ते थेट दारात टांगलेल्या एका नर्सच्या पांढऱ्या गणवेशावर. काकूंनी जिवाचा आटापिटा केला, डाग काही हलेना. रंगाच्या दुकानात चौकशी केल्यावर कारण कळलं. काकूंनी काकांना दोष दिला नाही. पण काकाच खजील झाले. दुकानात यायचे बंदच झाले.

चार दिवस काकूंची इस्त्री नीट चालेना. शेवटी त्या आतल्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या.

"पत्र्याला रंग लावायचाय. शिडी धरायला कुणी आहे का घरात?"

"माझा हात लागला की बिघडतं सगळं."

"म्हणूनच वर मी चढतेय. तुम्ही नुसती शिडी धरा."

काकूंनी माझा गंज खरवडला, अंग कोरडं केलं आणि जस्ताची पूड मिसळलेला रंग दिला. खालून काका सांगत होते, "डावीकडे राहिलं गं! कडेला जाडसर लाव!" काकू हसून ब्रश तिकडे वळवत होत्या.

आता मी ठिगळांचा आहे. अजून बरीच वर्षं टिकेन. तुमच्या घरी माझा कुणी करडा भाऊबंद असेल, तर मीठ आणि धूळ साध्या पाण्याने धुवा. चमकवायला जाऊ नका. आणि ओरखडे मोठे झाले, तर वेळेवर रंगाचा हात फिरवा. एकाने चढावं, दुसऱ्याने शिडी धरावी.