खानविलकर साहेबांचा डावा पाय

मी खानविलकर साहेबांचा डावा पाय बोलतोय. गुडघ्याखालचा, फायबरचा. त्यांचा खरा पाय सीमेवर सुरुंगात गेला. त्यानंतरचे दोन बनावटी पाय झिजले, तेव्हा गुडघ्याचा साचा घेऊन मला घडवलं. त्यामुळे त्यांचं सैन्यातलं आयुष्य मी फक्त ऐकलंय.

भिंतीवरच्या शौर्यपदकाबद्दल कुणी विचारलं की साहेब एवढंच सांगत, की मी चौकी राखली खरी, पण जिवंत परत आलो तो कुंडलिकमुळे. शिपाई कुंडलिक घाडीने त्यांना पाठीवर घेतलं आणि सुरुंग पेरलेल्या उतारावरून खाली आणलं होतं.

पाय गेल्यावर साहेब कायदा शिकले. मुलुंडला वकिली केली, मग न्यायाधीश झाले. मी आलो तो त्यांना न्यायासनाच्या तीन पायऱ्या चढवायलाच. मन अस्वस्थ झालं की त्यांचे स्नायू माझ्या खोबणीत आखडत. चेहऱ्यावर काही दिसत नसे, पण मला कळे.

एका सोमवारी खुनाचा खटला आला. गोरेगावच्या एका गोदामात भरदुपारी तिघं घुसले होते आणि रखवालदाराच्या काठीने त्यातला एक मेला होता. शिरस्तेदाराने आरोपीचं नाव पुकारलं, कुंडलिक बाबू घाडी. स्नायू असे आखडले की मी जागचा सरकलो.

कुंडलिकने वर पाहिलं, साहेबांना ओळखलं आणि मान खाली घातली. दोन्ही वकील कागद चाळत होते. त्या खोलीत हे नातं दोघांनाच ठाऊक होतं. साहेबांनी गप्प राहावं, असं मला वाटत होतं. कुणाला कळणार होतं?

"या माणसाने माझा जीव वाचवलाय," साहेब म्हणाले. "हा खटला मी चालवू शकत नाही. तो दुसऱ्या न्यायाधीशांकडे द्यावा, असं मी लिहितोय."

कुंडलिकने मान वर केली नाही.

घरी पत्नी मृणालिनीबाईंनी विचारलं, "तुम्ही नीटच न्याय केला असता ना?"

"केला असता की नाही, ते माझं मलाच सांगता आलं नसतं."

दुसऱ्या न्यायालयाने सदोष मनुष्यवधासाठी दहा वर्षांची शिक्षा दिली. चोरांतल्या एकाने झाडूवाल्या सुगंधावर कोयता उगारला म्हणून मी त्याला मारलं, असं कुंडलिक सांगत राहिला. पण सुगंधा कुणाला सापडलीच नव्हती.

त्याच वर्षी साहेब निवृत्त झाले. त्यांनी पुन्हा वकिलीचा कोट चढवला, उच्च न्यायालयात अपील लढवायला घेतलं आणि सुगंधाला शोधायला निघाले. ती आरे कॉलनीतल्या एका पाड्यावर बहिणीकडे लपून राहत होती. पळालेल्या दोघांनी तिला धमकावलं होतं.

"मी बोलले आणि ते माझ्या मुलींच्या मागे लागले तर?" तिने विचारलं.

पोलिसांचं संरक्षण मागू, पण ते मिळेलच असं सांगता येत नाही, असं साहेबांनी तिला खरं ते सांगितलं. ती आत निघून गेली.

परतताना दगडांच्या वाटेवर मी घोट्यापाशी तडकलो आणि साहेब आडवे झाले. आवाज ऐकून सुगंधा धावत आली. बसस्टॉपपर्यंत तिने त्यांना खांदा दिला आणि त्यांचं कार्ड घेऊन ती परत गेली. आठ दिवस फोन वाजला की साहेब दचकत. नवव्या दिवशी तिचा फोन आला. न्यायालयात कधी यायचं, एवढंच तिने विचारलं.

तिची साक्ष झाली आणि कुंडलिक सुटला, तीन वर्षं तुरुंगात काढून.

साहेबांना आता नवा पाय आलाय. मी दिवाणखान्यातल्या कपाटामागे उभा असतो. सुटल्यावर कुंडलिक एकदा आला, ते मी तिथूनच ऐकलं.

"साहेब, त्या दिवशी तुम्ही खटला सोडलात, त्याचा मला फार राग आला होता," तो म्हणाला. "अजून आहे."

"असू दे," साहेब म्हणाले.

वाचकहो, साहेबांना तुम्ही बरोबर म्हणा नाहीतर चूक. पण कुंडलिकला राग सोड म्हणून सांगू नका. ती तीन वर्षं त्याने एकट्याने काढली आहेत.